संगणकाची घडी आणि सीमाभागातील कळफलक

साहित्यविषयक नियतकालिकात संगणकाच्या एका लहानशा उपकरणिकेविषयी लेख यावा, याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु ज्या यंत्रावर आज मराठी लिहिली जाते, छापण्यासाठी सिद्ध केली जाते आणि जतन केली जाते, त्या यंत्रास 'तुजकडून मराठीत काम घ्यावयाचे आहे' हे प्रथम कोठे आणि कसे सांगावयाचे, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकास परका मानता येणार नाही. हा प्रश्न ज्या ठिकाणी सुटतो ते ठिकाण अगदी साधे असते. निळसर पार्श्वभूमीवर एक करडी चौकट, तीत आठदहा ओळी, आणि बाणाच्या कळीने वरखाली होणारी एक ठळक पट्टी. यंत्र नवे आले की कोणीतरी या चौकटीपुढे बसून पाच मिनिटांत उत्तरे देतो आणि निघून जातो. पुढे चारपाच वर्षे शाळा त्या उत्तरांचे फळ भोगीत राहते. उत्तरे देणारा बहुधा यंत्र पुरविणाऱ्याचा माणूस असतो. शिक्षक बाजूस उभे असतात, पण चौकटीतील शब्दांचा अर्थ त्यांस कोणी सांगितलेला नसतो. तो अर्थ सांगावा, आणि बेळगाव-निपाणीसारख्या द्विभाषिक प्रदेशात त्या प्रश्नांस काय विशेष महत्त्व येते ते दाखवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाविषयी. इंग्रजीत ज्यास 'कॉन्फिगर करणे' म्हणतात त्यासाठी आमच्याकडे 'विन्यास', 'संरूपण', 'संरचना' असे शब्द सुचविले गेले आहेत. ते चुकीचे नाहीत, पण ते उच्चारताच वर्ग गप्प बसतो. आम्हांस स्वतःला 'घडी बसविणे' हा शब्दप्रयोग अधिक भावतो. संसाराची घडी बसते, नव्या कार्यालयाची घडी बसते, तशीच यंत्राचीही. त्यात एकदाच करावयाच्या, पण पुढील सर्व व्यवहारास आधारभूत होणाऱ्या मांडणीचा अर्थ आपोआप येतो. तेव्हा या लेखात आम्ही त्या उपकरणिकेस 'घडीची प्रश्नावली' असे म्हणणार आहोत.

अशा प्रश्नावल्या अनेक आहेत. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरसाठी असलेल्या विंडोजमध्ये 'एसकॉन्फिग' नावाची क्रमांकित यादी २००९ पासून आहे. लिनक्समध्ये जाळ्याच्या जोडणीपुरती 'एनएमटीयूआय' नावाची आहे. परंतु शाळांच्या दृष्टीने सर्वांत सोयीची म्हणजे 'रास्पी-कॉन्फिग'. रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा, अल्प किमतीचा संगणक इंग्लंडमधील केंब्रिज येथील एका धर्मादाय संस्थेने विद्यार्थ्यांस संगणकाची मूलतत्त्वे शिकता यावीत या हेतूने काढला आणि तो २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. कळफलक आणि पडदा जोडला की तो चालू लागतो. त्याची कार्यप्रणाली १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या मुक्त प्रणालीवर आधारलेली आहे. त्या प्रणालीची घडी बसविण्यासाठी जी प्रश्नावली सोबत येते ती ही रास्पी-कॉन्फिग. तिचे उदाहरण घेऊन आम्ही पुढे लिहीत आहोत. इतर प्रश्नावल्यांतील प्रश्न शब्दांनी निराळे असले तरी मुळात हेच असतात.

अशी प्रश्नावली निर्माण का झाली, हे शिक्षकांस चटकन समजेल. लिनक्समधील सर्व मांडणी साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेली असते. कोणत्या फायलीत काय लिहावयाचे हे पाठ असेल त्यास कशाचीच गरज नाही. पण एखादे टिंब इकडचे तिकडे झाले तर यंत्र उठतच नाही. निबंधवजा प्रश्न आणि 'योग्य पर्याय निवडा' हा प्रश्न यांत जो भेद, तोच येथे आहे. पहिल्यात उत्तर स्मरणातून काढावे लागते, दुसऱ्यात ते समोर दिसत असते व केवळ ओळखावे लागते. ही प्रश्नावली म्हणजे कचेरीच्या दाराशी बसणारा अर्ज लिहून देणारा गृहस्थ होय. आपण तोंडी सांगावे, त्याने योग्य नमुन्यात, योग्य ठिकाणी उतरवून घ्यावे. दप्तर त्याचे नव्हे, ते आत कचेरीत असते. तो फक्त त्यात नोंद करवितो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण लेखाच्या उत्तरार्धात तिचे प्रयोजन आहे.

वापरण्याची रीत थोडक्यात अशी. बाणांच्या कळींनी ओळ निवडावयाची, एंटर कळीने आत शिरावयाचे, टॅब कळीने खालच्या 'ठीक' किंवा 'परत' या शब्दांवर जावयाचे. लांब याद्यांत अनेक गोष्टी निवडावयाच्या असतील तर मोठी आडवी कळ, म्हणजे स्पेस, दाबावी. निवडलेल्या ओळीपुढे तारका उमटते. नवखा मनुष्य येथे एंटर दाबतो, यादी मिटते आणि काहीच निवडले जात नाही. 'ठीक' म्हणेपर्यंत दप्तरात काहीही लिहिले जात नसल्यामुळे नुसते वाचून पाहण्यात कसलाही धोका नाही. विद्यार्थ्यांस हिंडू द्यावे.

आता प्रश्न. यंत्र प्रथम काही उत्तरे गृहीत धरून चालते, आणि ती उत्तरे त्याच्या जन्मस्थानाची असतात. इंग्लंडात घडलेले यंत्र भाषा ब्रिटिश इंग्रजी, घड्याळ लंडनचे आणि कळफलक ब्रिटिश असे धरून बसते. हे गृहीत बदलण्याचे स्थान म्हणजे मुख्य यादीतील 'स्थानिकीकरण' हा भाग. त्यात चार निरनिराळे प्रश्न आहेत: भाषा व प्रघात, कालविभाग, कळफलक, आणि बिनतारी जोडणीसाठी देश. हे चार प्रश्न वेगवेगळे ठेवले आहेत, यातच या प्रश्नावलीचा खरा शहाणपणा आहे असे आम्हांस वाटते. मनुष्य कोणत्या भाषेत वाचतो, कोठे राहतो, कोणत्या लिपीत लिहितो आणि कोणत्या देशाचे कायदे पाळतो, या चार गोष्टी एकच आहेत असे ती गृहीत धरीत नाही. सीमाभागात आयुष्य काढलेल्या मनुष्यास हा भेद समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

भाषेच्या यादीत शेकडो ओळी असतात. प्रत्येक ओळीत आधी भाषेचे लघुरूप, मग अधोरेषा, मग देशाचे लघुरूप असते. मराठीसाठी 'एम-आर' आणि भारतासाठी 'आय-एन'. कन्नडसाठी 'के-एन' आणि पुन्हा 'आय-एन'. कोकणीस तीन अक्षरे मिळाली आहेत, 'के-ओ-के'. भारतीय प्रघाताच्या इंग्रजीसाठीही स्वतंत्र ओळ आहे. येथे राज्याचा उल्लेख नाही. निपाणी कर्नाटकात आणि निपाणीस लागूनच असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्राच्या कोल्हापूर जिल्ह्यात, हा भेद १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून येथील लोकांच्या दैनंदिन व्यवहारात आहे. यंत्राच्या या यादीत तो नाही. दोन्हीकडच्या मराठी विद्यार्थ्यास एकच ओळ निवडावयाची असते.

ही ओळ निवडल्याने काय होते? पडद्यावरील सूचना मराठीत येतात, हा केवळ एक भाग, आणि तोही ज्या सूचनांचे भाषांतर कोणी स्वयंसेवकाने केले असेल तेवढ्यांपुरताच. वार आणि महिने कोणत्या नावाने दाखवावयाचे, रुपयाचे चिन्ह कोठे यावे, आणि विशेष म्हणजे नावे अकारविल्हे कशी लावावयाची, हेही तेथेच ठरते. हजेरीपटाचे उदाहरण घेऊ. युनिकोडमध्ये 'क्ष' हे स्वतंत्र अक्षर नाही. ते क, हलन्त आणि ष या तीन चिन्हांनी साठविले जाते. हलन्ताचा सांकेतिक अंक स्वरचिन्हांच्या नंतरचा असल्यामुळे, केवळ अंकांच्या क्रमाने यादी लावली तर 'क्षीरसागर' हे आडनाव 'कौजलगी' नंतर पण 'खोत' याच्या आधी येईल. ज्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी येतात तीत ते अखेरीस जावयास हवे. तीच गोष्ट 'ळ' ची. अंकांच्या कोष्टकात तो 'ल' च्या शेजारी बसविलेला आहे, आमच्या बाराखडीत तो 'ह' च्या पुढे. अंकांचा क्रम कोणता आणि भाषेचा क्रम कोणता हे यंत्रास आपण होऊन कळत नाही. भाषेच्या ओळीसोबत जे नियम येतात त्यांवरून ते कळते.

तथापि येथे एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. मराठीची ओळ तारकांकित करावी, पण मूळ भाषा म्हणून तीच निवडण्यापूर्वी थोडे थांबावे. यंत्राचे दोन पडदे असतात असे समजा: एक चित्रमय, ज्यात खिडक्या उघडतात, आणि एक केवळ अक्षरांचा. अक्षरांच्या पडद्यावर समान रुंदीचे चौकोन आखलेले असतात, एका चौकोनात एक चिन्ह, डावीकडून उजवीकडे. शिवाय त्या पडद्याच्या अक्षरपेटीत फार तर ५१२ खिळे मावतात. रोमन लिपी यात सुखाने नांदते. देवनागरी नांदत नाही. 'कि' मधील पहिली वेलांटी उच्चारात आणि साठवणीत नंतर, पण लिहिताना आधी. 'सूर्य' मधील र डोक्यावर चढतो. जोडाक्षरात दोन वर्ण एका जागेत सामावतात. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा अवयव पहिल्याच्या खाली उतरतो, त्यास ओत्तक्षर म्हणतात. त्या लिपीची अडचण आमच्याहून कमी नाही. म्हणूनच डेबियनची स्थापना करताना मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा चित्रमय पद्धतीत मिळतात, अक्षरांच्या पद्धतीत यादीतही दिसत नाहीत. अक्षरांच्या पडद्यावर मराठी हीच मूळ भाषा ठेवली तर सूचनांच्या जागी रिकाम्या चौकटींची रांग उभी राहते आणि पुढे काही वाचताच येत नाही. यास्तव चित्रमय पडद्यावर काम करणाऱ्या यंत्रांवर मराठी, आणि केवळ अक्षरांच्या पडद्यावर चालणाऱ्या यंत्रावर भारतीय इंग्रजी, अशी वाटणी करणे इष्ट. देवनागरीचा युनिकोड अक्षरसंच यंत्रात आहे की नाही हेही पाहावे. तो नसेल तर चित्रमय पडद्यावरही त्याच चौकटी दिसतील.

रिकाम्या चौकटींचा हा अनुभव एकीकडे, आणि दुसरीकडे आमच्या शाळांतील एक जुनी सवय. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या अक्षरसंचांत टंकित होई, त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसविलेली असत. यंत्रास ते इंग्रजीच वाटे. भाषा सांगण्याची गरजच नसे, आणि म्हणून ती सांगावयास कोणी शिकलेही नाही. अशा पद्धतीने टंकलेली वार्षिके आज दुसऱ्या यंत्रावर उघडली तर निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग दिसतो. मजकूर आहे, पण तो कोणत्या भाषेत आहे हे त्यात कोठेच नोंदलेले नाही.

घड्याळाचा प्रश्न सोपा आहे, मात्र उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडते. आशिया खंड निवडल्यावर जी शहरांची यादी येते तीत दिल्ली नाही, मुंबई नाही, बेंगळूरही नाही. सबंध भारतासाठी कोलकाता ही एकच ओळ आहे. मुंबई शहराची स्वतंत्र 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत चालत असे, हे जुन्या वाचकांनी घरात ऐकले असेल. यादीत तिचा मागमूस नाही. शहराचे नाव बदलल्यावर 'कलकत्ता' च्या जागी 'कोलकाता' आले. परंतु जुन्या नावाने विचारणाऱ्यासही तीच वेळ सांगण्याची सोय वेळसूचीच्या कर्त्यांनी राखून ठेवली आहे. लंडनचे घड्याळ तसेच राहिले तर यंत्र साडेपाच तास, आणि तिकडच्या उन्हाळ्यात साडेचार तास, मागे राहते. सकाळी साडेदहाची प्रार्थना पहाटे पाचला झाली असे नोंदले जाईल.

यंत्राचे नाव आणि परवलीचा शब्द हे प्रश्न 'प्रणाली' या पहिल्याच भागात येतात. नाव देवनागरीत देता येत नाही. रोमन अक्षरे, अंक आणि मधली आडवी रेघ एवढेच चालते, जागा सोडलेली चालत नाही. गृहीत नाव सर्व यंत्रांचे एकच असते, त्यामुळे वर्गातील दहा यंत्रांस दहा नावे दिली नाहीत तर हजेरी घेताना दहाही मुलांनी एकाच नावास 'हजर' म्हणावे तसा प्रकार होतो. एके काळी या यंत्राचा वापरकर्ता आणि परवलीचा शब्दही सर्वत्र एकच असे, आणि तो जगास ठाऊक होता. एप्रिल २०२२ पासून ते गृहीत काढून टाकण्यात आले. दूरस्थ प्रवेशाचे दार तर त्यापूर्वीच, नोव्हेंबर २०१६ मध्ये, मुळात बंद ठेवण्याचा निर्णय झाला होता. ते उघडण्याचा पर्याय प्रश्नावलीत आहे. कारण असल्याखेरीज उघडू नये.

जाळ्याच्या प्रश्नांत शब्द पारिभाषिक आहेत, कल्पना गावातल्या आहेत. प्रथम देश विचारला जातो, आणि तो सांगितल्याखेरीज बिनतारी जोडणी चालूच होत नाही. रेडिओलहरींच्या वापराचे नियम देशोदेशी भिन्न असल्यामुळे यंत्र मुकाट बसून राहते. कित्येकदा हे यंत्र बिघडले म्हणून परत पाठविण्यात येते. त्यानंतर जाळ्याचे नाव आणि त्याचा परवलीचा शब्द द्यावा. बहुतेक शाळांस एवढे पुरते, कारण पुढचा पत्ता जोडणी देणारी पेटी स्वतःच वाटून देते. परंतु छपाईयंत्र किंवा सर्वांसाठी पाठ्यसाहित्य ठेवणारे यंत्र असेल तर त्यास कायमचा पत्ता हवा, आणि तो एनएमटीयूआय या दुसऱ्या प्रश्नावलीत द्यावा लागतो. तेथे चार गोष्टी विचारल्या जातात.

पत्ता म्हणजे चार अंकांची माळ, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५. तिच्यासोबत 'मास्क' असतो, बहुधा २५५.२५५.२५५.०. या दुसऱ्या माळेचा अर्थ कोणी सांगत नाही, म्हणून ती मंत्रासारखी पाठ केली जाते. वस्तुतः ती एवढेच सांगते की पत्त्यातील किती भाग पेठेचा आणि किती भाग घराचा. टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन क्रमांक सुरू केले. निपाणीचा ५९१२३७. त्यातील ५९१ एवढे पाहताच पत्र कोणत्या विभागात टाकावयाचे ते कळते, घरोघरची वाटणी पुढची. तसेच येथे पहिले तीन अंक पेठेचे, शेवटचा २५ हा घराचा. पेठेतल्या पेठेत निरोप थेट जातो. पेठेबाहेरचा असेल तर तो वेशीकडे न्यावा लागतो, आणि ज्या पत्त्यावर ही वेस आहे त्यास इंग्रजीत 'गेटवे' म्हणतात. 'वेस' हा शब्द असताना त्यासाठी 'प्रवेशद्वार' असा शब्द का योजावा, हे आम्हांस उमगलेले नाही. दारातून आपण घरात जातो, वेशीतून गावाबाहेर. चौथी गोष्ट नामसूची. मनुष्य नावे लक्षात ठेवतो, यंत्र अंक. नावावरून अंक सांगणाऱ्या यंत्राचा पत्ता येथे लिहावयाचा. वेस चुकली तर शाळेतील यंत्रे परस्परांशी बोलतात पण बाहेरचे काही मिळत नाही. नामसूची चुकली तर अंकांनी विचारलेले मिळते, नावाने विचारलेले मिळत नाही. बिघाड कोठे आहे हे या दोन लक्षणांवरून ओळखण्याची परीक्षा नववीच्या वर्गास देता येते.

कळफलकाचा प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो येथे सर्वांत अधिक गुंतागुंतीचा आहे. प्रथम त्यातील एक सापळा. ब्रिटिश कळफलकावर शिफ्ट धरून २ ची कळ दाबली की दुहेरी अवतरणचिन्ह उमटते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कळफलकांवर त्याच कळीवर 'ॲट' चे चिन्ह छापलेले असते. परवलीचा शब्द टंकताना तो पडद्यावर दिसत नाही. तेव्हा ब्रिटिश कळफलक गृहीत असतानाच कोणी 'ॲट' असलेला शब्द ठरविला, तर दप्तरात अवतरणचिन्ह लिहिले जाते. पुढे कळफलक सुधारला की तीच बोटे त्याच कळींवर पडूनही यंत्र म्हणते, शब्द चूक. यंत्र नव्याने चालू करताना जी प्रारंभिक प्रश्नमालिका हल्ली येते तीत कळफलक आधी विचारला जातो. परंतु रास्पी-कॉन्फिगच्या यादीत परवलीचा शब्द आधीच्या भागात आणि कळफलक नंतरच्या. यादीच्या क्रमाने निष्ठेने जाणारा मनुष्यच नेमका फसतो. कळफलक आधी, शब्द मागाहून, हा क्रम पाळावा.

कळफलकाच्या यादीत भारत निवडल्यावर लिपींच्या मांडण्या येतात. मराठीसाठी दोन प्रमुख. एक इनस्क्रिप्ट, जी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ साली प्रमाणित केली आणि १९९१ च्या भारतीय मानकात जिचा समावेश झाला. तिच्यात स्वर डाव्या हातास, व्यंजने उजव्या हातास, असा वर्णमालेस अनुसरणारा क्रम आहे. तिचा मोठा गुण असा की सर्व भारतीय लिपींत कळींची स्थाने तीच राहतात. ज्या कळीवर देवनागरी 'ळ' त्याच कळीवर कन्नड 'ळ', ज्या कळीवर 'ऱ' त्याच कळीवर जुन्या कन्नडमधील कठोर र. बोटांस मराठी आली की कन्नडही आली. उलट कर्नाटक सरकारच्या व्यवहारात जी मांडणी रूढ आहे ती निराळी. के. पी. राव यांच्या कळमांडणीवर आधारलेली आणि बेंगळूरच्या कन्नड गणक परिषदेने आपल्या 'नुडी' या उपयोजनातून पसरविलेली ती मांडणी उच्चारानुसारी आहे. रोमन 'के' वर क, 'जी' वर ग, 'पी' वर प. आमच्या भागातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास कन्नड शिकावेच लागते. मराठी एका मांडणीने आणि कन्नड दुसऱ्या मांडणीने शिकविली, तर एकाच मुलाच्या एकाच हातास 'ग' साठी दोन जागा ध्यानात ठेवाव्या लागतात.

आता यादीतील दुसरी मराठी मांडणी पाहावी. तिचे नाव 'मराठी, कगप, उच्चारानुसारी' असे आहे. हे 'कगप' म्हणजे काय, असे आम्ही अनेक मराठी शिक्षकांस विचारले. कोणी क, ग, प ही व्यंजने असावीत असे म्हणाले, कोणी एखाद्या परदेशी माणसाचे नाव. ती आहेत कन्नड गणक परिषदेची आद्याक्षरे. कन्नडसाठी सिद्ध झालेली मांडणीच देवनागरीस लावून मराठी, हिंदी आणि संस्कृत यांसाठी यादीत घालण्यात आली, आणि जगातील कोणत्याही लिनक्स यंत्रावर मराठीचा उच्चारानुसारी कळफलक शोधणाऱ्यास कन्नड संस्थेचे नाव वाचावे लागते. आमच्या प्रदेशात पाट्यांवरील अक्षरांवरून काय काय घडते ते वाचक जाणतात. या यादीत मात्र दोन भाषांचा संसार एका कळफलकावर निमूटपणे चालला आहे. शाळेस याचा उपयोग उघड आहे. दोन्ही भाषांसाठी इनस्क्रिप्ट निवडावी किंवा दोन्ही भाषांसाठी कगप. एकीस एक, दुसरीस दुसरी, असे करू नये. आमचा कल कगपकडे आहे, कारण कन्नडचे शिक्षक तीच वापरतात आणि मुलांची बोटे इंग्रजीस आधीच सरावलेली असतात. टंकलेखन हाच व्यवसाय करू इच्छिणाऱ्यास इनस्क्रिप्ट शिकविणे अर्थात योग्य.

येथपर्यंत सर्व ठीक, आणि येथेच प्रश्नावली तोकडी पडते. भारतीय मांडणी निवडली की ती विचारते: रोमन आणि आपली लिपी यांत अदलाबदल कोणत्या कळीने करावयाची? म्हणजे प्रत्येक मनुष्यास एक रोमन लिपी आणि एक स्वतःची लिपी, असे तिच्या कर्त्याने मनात धरलेले आहे. दोन स्वतःच्या लिपी असणाऱ्याचा रकानाच तिच्यात नाही. मराठी निवडली की कन्नड जाते, कन्नड निवडली की मराठी जाते. ही अडचण प्रश्नावलीपुढे कितीही वेळ बसून सुटणार नाही. पण प्रश्नावली म्हणजे दाराशी बसलेला अर्ज लिहिणारा, हे वर सांगितले आहे. आतील दप्तरात जागा आहे. कळफलकाची नोंद ज्या फायलीत असते तीत मांडण्यांची ओळ आहे, आणि त्या ओळीत स्वल्पविराम देऊन एकाहून अधिक मांडण्या लिहिता येतात: प्रथम अमेरिकन इंग्रजीचे लघुरूप, मग भारताचे, मग पुन्हा भारताचे. खालच्या ओळीत त्यांचे प्रकार त्याच क्रमाने: इंग्रजीची जागा रिकामी, मग मराठी कगप, मग कन्नड कगप. तिसऱ्या ओळीत अदलाबदलीची कळ. एवढे हाताने लिहून यंत्र पुन्हा चालू केले की चित्रमय पडद्यावर एकाच कळीने इंग्रजी, मराठी, कन्नड अशी पाळी फिरते. नव्या आवृत्त्यांत चित्रमय पडद्याची व्यवस्था आपली स्वतंत्र वही ठेवते. तेथेही हीच नोंद उतरवावी लागते.

अदलाबदलीची कळ निवडताना कॅप्स लॉक घेऊ नये, कारण इंग्रजीच्या शिक्षकांस ती लागते. ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र, ही जोडी लहान मुलांच्या हातासही जमते. फायलीची मूळ प्रत दुसऱ्या नावाने ठेवून मगच तीत हात घालावा. अवतरणचिन्हे आणि स्वल्पविराम मोजून पाहावेत. दोन्ही ओळींतील स्वल्पविरामांची संख्या सारखी नसेल तर मराठीच्या जागी भलतीच लिपी उमटते.

लिनक्सच्या जुन्या पटल-व्यवस्थेत अशा मांडण्या एका वेळी चार ठेवता येतात, अधिक नाही. इंग्रजी, मराठी आणि कन्नड यांनंतर चौथी जागा उरते. ती बहुतेक शाळा हिंदीस देतील. पण ज्यांस जुनी कागदपत्रे वाचण्याची आवड आहे अशा वाचकांसाठी एवढे सांगून ठेवतो की २०१४ साली मोडी लिपी युनिकोडमध्ये आली, आणि अलीकडच्या याद्यांत मोडीचीही मांडणी दिसते. तिचेही नाव कगपच आहे. मराठी कगप ज्यास आली त्याची बोटे मोडीसाठी नव्याने शिकवावी लागत नाहीत. मोडीचा अक्षरसंच तेवढा यंत्रात स्वतंत्रपणे घालावा लागतो.